लातूर आणि नांदेडच्या मधला आकडा

लातूरच्या गंजगोलाईत भांड्यांचं दुकान असलेल्या गुंडप्पा हालगे यांनी एका मंगळवारी भर दुपारी, समोर गिऱ्हाईक उभं असताना, स्टीलच्या एकावन्न पेल्यांवर ४१३५१२ हा आकडा कोरायला घेतला. पुढच्या बारा दिवसांत जो काय गोंधळ झाला त्याची सुरुवात या पेल्यांपासून झाली, असं त्यांच्या पत्नी जगदेवी यांचं मत आहे. गुंडप्पांच्या मते सुरुवात नांदेडपासून झाली.

नाव घालायच्या मशीनची घरघर थांबली तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "शेठ, पेल्यावर पिनकोड कशाला घालायलात? हरवला तर पोस्टानं परत येतो का?"

गुंडप्पांनी त्यांच्याकडं दयेनं पाहिलं. "ताई, ह्यो पिनकोड न्हाई. ह्यो घातांक हाय."

बाईंनी हातातली कढई खाली ठेवली आणि त्या शेजारच्या दुकानात गेल्या.

आता घातांक म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, तेव्हा वाचकांनी दोन मिनिटं कळ काढावी. जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही ती मूळ संख्या: पाच, सात, अकरा, तेरा. त्यातल्या काही जोडीनं राहतात, मधे फक्त एक घर सोडून: पाच-सात, अकरा-तेरा, सतरा-एकोणीस. यांना जोडमूळ संख्या म्हणतात हे आपण सगळे शाळेत शिकलो आणि शाळेतच विसरून आलो. गुंडप्पा विसरले नाहीत. बी.एस्सी.ला गणितात ते पहिल्या वर्गात आले, दुसऱ्या दिवशी वडिलांच्या दुकानात पातेली मांडायला बसले, आणि तेव्हापासून चौतीस वर्षं ते कुणीतरी आपल्याला जोडमूळ संख्यांबद्दल विचारील याची वाट पाहत आहेत. कुणी विचारत नाही. आपण होऊन सांगायला लागले तर जगदेवी अकरा-तेराला उठून कुकरकडं जातात आणि शेजारचा मोबाइलवाला बजरंग सतरा-एकोणीसला फोन आल्यासारखं करतो. एकोणतीस-एकतीसपर्यंत आजवर एकच माणूस पोचला होता. तो विमा एजंट होता.

त्यांची मुलगी अक्षरा नांदेडला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तिनं बापाची दया येऊन दुकानाच्या बिलाच्या कॉम्प्युटरवर एक काम लावून दिलं. जगभरातल्या हजारो लोकांनी आपापले कॉम्प्युटर एकत्र जुंपायचे आणि अवाढव्य जोडमूळ संख्या शोधायच्या, असा तो उद्योग. पद्धत अशी, की दोनला दोननं, पुन्हा दोननं, असं चार लाखांवर वेळा गुणत जायचं. किती वेळा, तो घातांक. असा जो डोंगर तयार होतो त्याला एका गुणकानं गुणायचं, आणि आलेल्या संख्येच्या एक अलीकडची आणि एक पलीकडची, अशा दोन्ही संख्या मूळ निघतात का ते बघायचं. निघाल्या की जोडी सापडली. घातांक साऱ्या जगाचा एकच. गुणक तेवढे वाटून दिलेले असतात, पंगतीत वाढायला निरनिराळ्या हातांत निरनिराळी भांडी द्यावीत तसे. दोन वर्षांत गुंडप्पांच्या कॉम्प्युटरला एकही जोडी सापडली नव्हती, पण आपलं बिलाचं यंत्र मधल्या वेळात कुणी न पाहिलेल्या संख्या तपासतंय या विचारानं ते गिऱ्हाईक नसलं तरी खुशीत असत.

हळूहळू 'मराठवाडा जोडमूळ संघ' उभा राहिला. सभासद पाच. गुंडप्पा स्वतः. बजरंग, ज्याला गणिताचं सोयरसुतक नव्हतं पण ज्याच्या दुकानात दुरुस्तीला आलेले चार कॉम्प्युटर नेहमी पडून असत. नांदेडचे निवृत्त भूमापक रामकिशन गुट्टे. धर्माबादच्या मिरचीच्या व्यापारी, बोलण्यात तेलुगू मिसळणाऱ्या लक्ष्मम्मा, ज्यांनी 'पुण्याचं काम आहे' अशा समजुतीनं आडतीचा कॉम्प्युटर दिला होता. आणि कर्णधार अक्षरा, कारण पासवर्ड तिच्याकडं होता.

त्या मंगळवारी सकाळी अक्षरानं सगळ्यांना कळवलं, की आधीच्या घातांकाची यादी संपली. आता पुढचं लक्ष्य ठरणार. प्रत्येक संघानं एकच घातांक सुचवायचा, तो चार लाख ते साडेचार लाखांच्या मधला हवा, सोबत एका ओळीत कारण आणि सुचवणाऱ्या एका माणसाचं नाव. मुदत पुढच्या रविवारनंतरचा रविवार, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेपाच. मग सगळे सभासद मतं देणार, आणि निवडलेला आकडा सुचवणाऱ्याच्या नावासह कायमचा यादीत लागणार.

गुंडप्पांना ते नाव लागायला हवं होतं. उगीच आडवळणानं कशाला सांगा, लहान मुलाला जत्रेतली पिपाणी हवी असते तसं हवं होतं. चौतीस वर्षं आपलं कुणी ऐकलं नाही, आता एकदा तरी साऱ्या जगानं आपण सांगितलेला आकडा घेऊन कामाला लागावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि लातूरचा पिनकोड नेमका चार ते साडेचार लाखांत बसत होता. यापेक्षा स्पष्ट संकेत कुणाला मिळतो? त्यांनी दुपारपर्यंत पेले कोरले, संध्याकाळपर्यंत गोलाईतल्या निम्म्या दुकानांत वाटले, आणि बजरंगनं मोबाइलवर स्टेटस ठेवलं, 'लातूरचा पिनकोड आता जगाच्या गणितात.' आकडा अजून सुचवलेलाही नव्हता.

बुधवारी सकाळी नऊला रामकिशनचा फोन आला.

"हालगे शेठ, लातूरचा पिनकोड तुम्ही परस्पर घुसवून राहिलात म्हणे."

"परस्पर कसा? संघाच्या वतीनं."

"संघात नांदेड न्हाई का? नांदेडचा पिनकोड चार लाख एकतीस हजार सहाशे एक. तो बी अटीत बसून राहिला. अन् तुमच्यापेक्षा अठरा हजार एकोणनव्वदनं मोठा हाय."

"मोठा घातांक म्हंजे जोडी सापडायची आशा कमी, रामकिशनजी."

"मोठ्याचं भ्याव वाटून राहिलं का?"

लातूर आणि नांदेड यांच्यात महसूल आयुक्तालय कुठं असावं यावरून जे झालं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की या दोन गावांसमोर कुणी 'दोघांत मिळून एकच' असं म्हटलं की दोन्हीकडची शांत, संसारी माणसं बाह्या सरसावतात. गुंडप्पांनी आयुष्यात कुणाशी भांडण केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी फोन ठेवताना तो जरा आपटून ठेवला.

गोलाईत सल्ल्याला तोटा नसतो. बजरंग म्हणाला, "शेठ, पिनकोड सरकारी हाय. पोस्टाची ना-हरकत आणा. हातात कागुद असला की नांदेड गप."

गुंडप्पा कागद घेऊन टपाल कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "काका, पिनकोड वापरायला परवानगी लागत नाही. सगळेच वापरतात."

"पाकिटावर न्हाई वापरायचा. दोनच्या डोक्यावर वापरायचा हाय."

"कुणाच्याही डोक्यावर वापरा. आमची हरकत नाही."

"तेच लिहून द्या."

"हरकतच नाही तर लिहून काय देऊ?"

गुंडप्पा हटले नाहीत. मागं रांग वाढली. शेवटी त्या भल्या बाईंनी त्यांच्याच अर्जाच्या प्रतीवर 'अर्ज मिळाला' असा शिक्का मारून दिला. गुंडप्पांनी तो कागद प्लास्टिकमध्ये मढवला आणि त्याचा फोटो संघाच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी रामकिशननं नांदेडचा शिक्क्याचा कागद टाकला, आणि जन्मभर भूमी अभिलेखात काढलेला माणूस असल्यामुळं सोबत एक नकाशाही जोडला. नकाशा कशाचा ते कुणाला कळलं नाही, पण त्यावर उत्तर दिशा दाखवली होती.

"आवं," जगदेवी म्हणाल्या, "पाव्हणे आले की पेल्यावर बघून इचारतेत, ह्ये मोबाइल नंबर हाय का म्हणून. चार आकडे कमी हायत म्हणतेत. म्या काय सांगू?"

"घातांक हाय म्हण."

"म्या सांगते, आमचे मालक येडे झालेत. ते लवकर कळतंय त्यांना."

मतांचा हिशेब सरळ होता. बजरंग आणि गुंडप्पा लातूरचे, रामकिशन आणि लक्ष्मम्मा नांदेड जिल्ह्याचे. पाचवं मत अक्षराचं, आणि त्यावरून तर फार तकरार झाली. "रेशनकार्डावर नाव लातुरात हाय," गुंडप्पा म्हणाले. "अडीच सालापासून गोदावरीचं पाणी पिऊन राहिली, लेकरू आता नांदेडचं," रामकिशन म्हणाले. ज्या लेकराबद्दल हे चाललं होतं ते फोनवर शांतपणे म्हणालं, "पप्पा, मी मतच देणार नाही. तुम्ही चौघं मिळून एक आकडा ठरवा, मी फॉर्म भरते. रविवारी साडेपाचला नाही ठरला तर आपला आकडाच जाणार नाही. ना लातूरचा, ना नांदेडचा."

तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा कंटाळा होता, आणि तो गुंडप्पांना लागला. आकडा हातचा जातो की काय या धास्तीनं त्यांना दोन दिवस जेवण गोड लागेना.

रविवारी दुपारी समोरासमोर बसायचं ठरलं. रामकिशन लातूरला यायला तयार नव्हते, गुंडप्पा नांदेडला जायला. रामकिशननं रस्त्याचं अंतर मोजून बरोबर मध्य काढला, तर तो सोयाबीनच्या शेतात निघाला. "अय्यो, एंदी हे, काय हे? मी शेतात बसून ठराव करणार नाही," लक्ष्मम्मांनी सांगून टाकलं. तेव्हा वाटेवरचं अहमदपूर धरलं, आणि तिथली केवळाबाईंची खानावळ.

कुठलीही बैठक अध्यक्षाशिवाय सुरू होत नाही, हा आपल्याकडचा नियम. तिघं मिळून चहा प्यायचा असला तरी एकाला मधल्या खुर्चीत बसवतात. इथं अडचण अशी, की अध्यक्ष लातूरचा नांदेडला चालेना आणि नांदेडचा लातूरला. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत चुलीपाशी गेल्या. केवळाबाई साठीच्या, उंच, हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठात.

"आवं, मला काय कळतंय त्यातलं?"

"अध्यक्षाला कळावं लागत नाही," रामकिशन सरकारी नोकरीच्या अनुभवावरून म्हणाले.

दोन्ही बाजू अध्यक्ष आपलाच असणार या खात्रीनं शाल आणि नारळ घेऊन आल्या होत्या. केवळाबाईंना दोन शाली आणि दोन नारळ मिळाले. त्यांनी दोन्ही शाली अंगावर तशाच ठेवून भाकरी थापायला घेतली, आणि बैठक सुरू झाली.

गुंडप्पांनी शिक्क्याचा कागद काढला. रामकिशननं शिक्क्याचा कागद आणि नकाशा काढला. बजरंगनं लातूरची थोरवी सांगितली. लक्ष्मम्मांनी धर्माबादी मिरचीची सांगितली, कारण नांदेडबद्दल त्यांना विशेष काही म्हणायचं नव्हतं. अक्षरा कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली होती आणि घड्याळाकडं बघत होती. साडेतीन वाजले, चार वाजले. चौथ्यांदा 'इतिहास साक्षीला आहे' असं झालं तेव्हा केवळाबाईंनी परातीवर उलथनं आपटलं.

"कुनाला माझी भाजी तिखट पायजे, कुनाला फिकी. म्या मधली करते, समदे जेवतेत. दोघांच्या मधला आकडा घ्या की."

एवढी सोपी गोष्ट बारा दिवसांत कुणाला सुचली नव्हती, कारण ती सुचायला आधी दोघांनी थोडं थोडं हरावं लागतं. रामकिशननं कागद ओढला, दोन्ही पिनकोड एकाखाली एक लिहून बेरीज केली, दोननं भागलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"साडे आला," ते म्हणाले. "चार लाख बावीस हजार पाचशे साडेछप्पन्न."

"साडेछप्पन्न वेळा गुणता येतंय का?" बजरंगनं विचारलं.

"येतं," अक्षरा म्हणाली, "पण आपल्या कामाचं नाही. घातांक पूर्ण हवा. छप्पन्न तरी, नाही तर सत्तावन्न."

आता छप्पन्न हा लातूरच्या बाजूचा आणि सत्तावन्न नांदेडच्या. अठरा हजारांचं भांडण मिटून अर्ध्याचं सुरू झालं, आणि अर्ध्याचं भांडण नेहमीच जास्त कडू असतं. "हा सरळ बांधाचा मसला हाय," रामकिशन म्हणाले. "आज अर्धा सोडला तर उद्या नांगर आत घालतील." गुंडप्पा म्हणाले, की लातूरनं आधीच नऊ हजारांची माघार घेतलीय, आता अर्धाही मिळणार नाही. रामकिशन म्हणाले, माघार दोघांची सारखीच हाय, पायजे तर मोजून देतो.

तेवढ्यात केवळाबाईंनी ताटं मांडली. पिठलं, भाकरी, आणि लक्ष्मम्मांनी आणलेल्या मिरच्यांचा ठेचा. अध्यक्षांचा हुकूम होता, त्यामुळं सगळे बसले. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला बोलणं बंद झालं. पाणी प्यायला म्हणून गुंडप्पा वळले आणि त्यांची नजर रामकिशनच्या कागदावर गेली. बेरजेखाली बारीक अक्षरात ताळा करून पाहिलेला होता. एकदा नऊनं, एकदा अकरानं. मोबाइल खिशात असताना हातानं ताळा करणारा माणूस गुंडप्पांनी आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता. हा म्हाताराही नांदेडच्या कुठल्याशा गल्लीत असाच एकटा बसून आकडे घोटत असणार, हे त्यांच्या एकदम ध्यानात आलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"रामकिशनजी," ते म्हणाले, "सत्तावन्न घ्या. अर्धा तुमचा."

रामकिशनचा घास हातातच राहिला. "असं कसं? छप्पन्नच राहू द्या. तुम्ही एवढे पेले कोरले."

"पेल्यांचं सोडा. सत्तावन्न."

"छप्पन्न! आमची शपथ हाय तुम्हाला."

आणि मग खरं भांडण पेटलं. जेवणाच्या ताटावर आपल्याकडं आग्रह सुरू झाला की त्याला आवर राहत नाही. ज्या अर्ध्यासाठी मघाशी बाह्या वर गेल्या होत्या तोच अर्धा आता एकमेकांच्या ताटात ढकलला जाऊ लागला, आणि दोघंही मागं हटेनात. आवाज इतके चढले की रस्त्यावरची दोन माणसं सोडवायला आत आली. "कुनी बी घ्या वो, काय फरक पडतो!" असं बजरंग म्हणाला, तेव्हा दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"थांबा," अक्षरा म्हणाली. "खरंच फरक पडत नाही."

ती उठून मधे आली. "नीट ऐका. छप्पन्न घातांक धरला आणि गुणक सम घेतला, तर त्या गुणकात एक दोन असतोच. तो दोन गुणकातून काढून डोंगरात टाकला, की डोंगराचा घातांक एकानं वाढला. म्हणजे झाला सत्तावन्न. छप्पन्न घ्यायचा आणि विषम-सम सगळे गुणक तपासायचे. विषम गुणक आले की ते काम लातूरच्या छप्पन्नचं. सम आले की नांदेडच्या सत्तावन्नचं. एकाच लक्ष्यात दोघंही आहेत, पप्पा."

रामकिशननं हे कागदावर करून पाहिलं. मग गुंडप्पांनी करून पाहिलं. मग दोघांनी एकमेकांचे कागद तपासले.

"अन् माझं?" लक्ष्मम्मांनी विचारलं. "धर्माबाद एंदी, फुकट?"

"गुणकाला चारनं भाग गेला तर घातांक अठ्ठावन्न. ते तुमचे, लक्ष्मम्मा."

लक्ष्मम्मांनी पदर सावरला आणि 'चाला बागुंदी', फार छान, म्हणून अक्षराच्या ताटात आणखी ठेचा वाढला.

पाच वीस. अक्षरा फॉर्म भरू लागली. घातांक: चार लाख बावीस हजार पाचशे छप्पन्न. कारण: 'भांडणाऱ्या दोन गावांचा मध्य, पूर्णांकात.' मग ती थांबली. "सुचवणाऱ्याचं नाव. एकच बसतं."

गुंडप्पांनी रामकिशनकडं पाहिलं. रामकिशन 'हालगे शेठचं घाला' म्हणाले असते तर त्यांनी दोनदाच नाही म्हटलं असतं. पण रामकिशन घसा खाकरून म्हणाले, "नियमाप्रमाणं ठराव अध्यक्षांच्या नावानं जातो. अन् मधला घ्या असं म्हणालं कोण? त्यांनीच." नियमापुढं आणि खरेपणापुढं बोलायला जागा नव्हती. मोठेपणानं अर्धा सोडून बसलेल्या माणसाला आता नावासाठी तोंडही उघडता येईना. पाच सत्तावीसला फॉर्म गेला: केवळाबाई, अहमदपूर. त्या तोवर परात घासायला गेल्या होत्या.

लातूरपर्यंतच्या वाटेत बजरंग बडबडत होता आणि गुंडप्पा खिडकीबाहेर बघत होते. घरी जगदेवींनी विचारलं, "तोंड का उतरलंय? आकडा गेला न्हाई का?" "गेला," ते म्हणाले, आणि चहा न घेता दुकानात जाऊन बसले.

दहा दिवसांनी निकाल लागला. बाकीच्या संघांनी साधेसुधे, गोल गोल आकडे सुचवले होते, कारण म्हणून 'दिसायला छान' असं लिहिलं होतं. भांडणाऱ्या दोन गावांचा मध्य हे कारण मात्र लोकांना भलतंच आवडलं. कुणाच्या देशात अशी दोन गावं नसतात? मतं धो धो पडली. कुठल्याशा थंड देशात राहणाऱ्या संयोजक बाईंनी जाहीर केलं, की पुढचं लक्ष्य ४२२५५६, सुचवणाऱ्या केवळाबाई, आणि त्यांचं मनापासून अभिनंदन. खाली जगभरचे लोक विचारत होते, की केवळाबाई कुठल्या विद्यापीठात असतात.

गोलाईत पेढे वाटले गेले. गुंडप्पांनी एक पेढा खाल्ला. आनंद झाला नाही असं नाही, पण दुसरा त्यांनी बजरंगच्या हातावर ठेवला.

दुपारी फोन वाजला.

"गुंडप्पा भाऊ, केवळाबाई बोलते. पेपरवाला येऊन गेला. म्हनला, मावशी, जगानं तुमचा आकडा घेतला. म्या म्हनलं, उंद्या ये बाबा. आता तुमी मला सांगा, म्या काय देऊन बसले त्यांना?"

"तसं थोडक्यात सांगायचं म्हंजे—"

"थोडक्यात नगं. थांबा, तवा उतरवते." पलीकडं भांडं आपटल्याचा आवाज झाला, चुलीत पाणी शिंपडल्याचा झाला, खुर्ची ओढल्याचा झाला. "हां. सांगा आता सुरवातीपासनं."

गुंडप्पांनी स्टूल पुढं ओढलं. मग त्यांनी भाकरीपासून धरलं. बारा भाकरी तीन ताटांत सारख्या वाटता येतात, चार ताटांत येतात. तेरा केल्या तर?

"तेरा ताटांत एकेक, न्हाई तर समद्या एकाच ताटात, मधलं कायच न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. "कळलं. पुढं?"

पुढं जोड्या. अकरा-तेरा झाले, सतरा-एकोणीस झाले, एकोणतीस-एकतीस मागं पडले, एक्काहत्तर-त्र्याहत्तरही गेले, आणि केवळाबाई तिथंच होत्या. गिऱ्हाईक आलं, गुंडप्पांनी हातानंच 'नंतर या' म्हणून खूण केली. तास झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "भाऊ, ह्या जोड्या कवा संपतेत का?"

गुंडप्पा उठून उभे राहिले. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"मूळ संख्या संपत न्हाईत, ते फार जुन्या काळीच कळलंय. जोड्यांचं मातर कुनाला ठाव न्हाई."

"कुनालाच?"

"कुनालाच. समद्यांना वाटतंय संपत न्हाईत. दाखवता कुनाला आलं न्हाई."

"म्हंजे त्या थंडीतल्या बाईला बी ठाव न्हाई, अन् मला बी न्हाई?"

"हाव."

पलीकडं खुर्ची करकरली. मग केवळाबाई हसू लागल्या, मोकळं, पोटातून, आणि गुंडप्पाही हसू लागले, कारण ते एवढं हसण्यासारखं आहे हे त्यांनाही आजच कळलं होतं. बजरंग पळत आला, की शेठला झालं काय.

"उंद्या या भाऊ," केवळाबाई म्हणाल्या. "पेपरवाला यील दुपारून. त्याच्या आधी मला पुरतं समजलं पायजे. नाव माझं लागलंय, उगं खोटं कशाला."

दुसऱ्या दिवशी गुंडप्पांनी दुकानाच्या किल्ल्या जगदेवींच्या हातात दिल्या आणि सकाळच्या एसटीनं अहमदपूर गाठलं. केवळाबाईंनी पहिली पंगत उठवली, लांब ओटा ओल्या फडक्यानं पुसला, कोरडा केला, त्यावर खडू ठेवला आणि समोर मांडी घालून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "पाच अन् सातपासनं धरा."